वजाबाकी करणारी माणसं: आइस हॉकीतले स्काउट नेमकं काय बघतात?

सॅम बेनेट दांडीला लटकला, पण हनुवटी काही दांडीच्या वर जाईना. ही २०१४ ची गोष्ट. एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक आइस हॉकीची मोठी लीग. ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवी मुलं निवडण्याच्या, आधी ती होतकरू मुलांची शारीरिक चाचणी घेते, ती त्या वर्षी टोरंटोत होती. बेनेटच्या नावापुढे पुल-अपचा आकडा लागला शून्य. आणि हा कोणी ऐरागैरा नव्हता. लीगच्याच सेंट्रल स्काउटिंग विभागाने (स्काउट म्हणजे होतकरू खेळाडू हेरणारा) उत्तर अमेरिकेतल्या मुलांत, गोलरक्षक सोडून, त्याला पहिल्या क्रमांकावर ठेवलं होतं. बातमी पसरली, टिंगल झाली. कॅलगरीने त्याला चौथ्या क्रमांकावर उचललं. पुढे २०२५ मध्ये फ्लोरिडा पॅन्थर्सने स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला, तेव्हा प्लेऑफमधल्या, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीतल्या, सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी कॉन स्मिथ ट्रॉफी याच बेनेटच्या हातात होती.

यावरून पुल-अपची चाचणी फालतू आहे असं म्हणून मोकळं होता येईल. पण मधली वर्षं बघा. २०२१ च्या एप्रिलपर्यंत तो कॅलगरीत होता आणि तिथे ‘बरा आहे, पण चौथ्या क्रमांकाला साजेसा नाही’ असंच त्याच्याबद्दल बोललं जायचं. म्हणजे स्काउट चुकले की बरोबर होते, याचं उत्तर २०१८ मध्ये एक होतं आणि २०२५ मध्ये दुसरंच. ज्या धंद्याचा निकाल यायला दहा-अकरा वर्षं लागू शकतात, तो धंदा समजून घेताना ‘कोणाला कळतं, कोणाला कळत नाही’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवावा. ते काय बघतात आणि बघितलेल्यातून काय वगळतात, हे जास्त कामाचं आहे.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. ज्युनियर हॉकी म्हणजे साधारण सोळा ते वीस वयाच्या मुलांचं हॉकी. कॅनडात त्याची तीन मोठी लीग आहेत: ओंटारियोची ओएचएल, पश्चिमेकडची डब्ल्यूएचएल आणि क्यूबेक-अटलांटिक भागातली क्यूएमजेएचएल. तिन्हींची छत्री म्हणजे सीएचएल. अमेरिकेत यूएसएचएल आहे, त्याखाली एनएएचएल आहे, शिवाय मिशिगनमध्ये राष्ट्रीय संघाचा स्वतःचा कार्यक्रम आहे. स्वीडन, फिनलंड, रशिया, चेकिया इथे व्यावसायिक क्लबांचेच ज्युनियर संघ असतात. या सगळ्यांतून एनएचएलचे ३२ संघ दर वर्षी सात फेऱ्यांत मुलं निवडतात. एकूण २२४ नावं.

लोकांना वाटतं निवड अठराव्या वर्षी सुरू होते. पण ओएचएलचे संघ पंधरा-सोळा वर्षांची मुलं निवडतात, डब्ल्यूएचएलचे तर चौदा-पंधरा वर्षांची. म्हणजे ज्याचा आवाजही अजून नीट फुटलेला नाही अशा मुलाबद्दल कोणीतरी लिहून ठेवलेलं असतं: हा बचावपटू म्हणून पुढे जाईल, हा जाणार नाही.

आता मुख्य मुद्दा. आज कोण चांगला खेळतो हे सांगायला स्काउट लागत नाही, गुणफलक पुरतो. स्काउटने सांगायचं असतं की सतरा वर्षांचा हा मुलगा तेविसाव्या वर्षी मोठ्या माणसांत कसा खेळेल. त्यासाठी आज दिसणाऱ्या खेळातून बरंच काही वजा करावं लागतं. वय वजा करा, अंगकाठी वजा करा, सोबत खेळणारे वजा करा. उरेल तो मुलगा.

पहिली वजाबाकी जन्मतारखेची. ड्राफ्टसाठी १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण व्हावी लागतात. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा. दोन दिवस उशीर झाला म्हणून कॉनर मॅकडेव्हिड आणि जॅक आयकेल या गाजलेल्या खेळाडूंसोबतचा २०१५ चा ड्राफ्ट त्याला मिळाला नाही. ते वर्ष त्याने झुरिकला ZSC लायन्सकडून मोठ्यांच्या स्विस लीगमध्ये खेळून काढलं आणि २०१६ मध्ये टोरंटोने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. याच्या नेमकं उलट मॅथ्यू शेफरचं. जन्म ५ सप्टेंबर २००७, म्हणजे दहा दिवस अलीकडे. त्यामुळे २०२५ च्या ड्राफ्टमध्ये तो बसला, पण त्याच यादीत १६ सप्टेंबर २००६ ला जन्मलेला मुलगाही बसतो, जो त्याच्याहून जवळजवळ एक वर्षाने मोठा. या वयात एक वर्ष म्हणजे काय, ते ज्याच्या घरात सतरा वर्षांचा मुलगा आहे त्याला विचारा. पँट दर तीन महिन्यांनी आखूड होते. अशा दोघांना एकाच मोसमात सारखे गुण मिळाले, तर ते सारखे नाहीतच.

शेफरचं प्रकरण आणखी गमतीचं आहे. तो त्या मोसमात ईरी ऑटर्सकडून ओएचएलचे फक्त १७ सामने खेळला. डिसेंबरमध्ये ज्युनियर विश्वचषकात कॉलरबोन मोडलं आणि मोसम संपला. ओएचएलचा मोसम ६८ सामन्यांचा, त्यातले पाऊणपट सामने हा मुलगा बर्फावर नव्हता. तरी न्यू यॉर्क आयलँडर्सने त्यालाच पहिला निवडला. यादीतल्या सर्वांत लहान मुलांपैकी एक, आणि तरी सतरा सामन्यांत बघणाऱ्यांची खात्री पटली. हातच्या कंकणाला आरसा कशाला, तसलं ते प्रकरण. पण असली कंकणं फार थोडी असतात. बहुतेक पगार पुढच्या दोनशे नावांसाठी दिला जातो.

जन्मतारखेचा दुसरा घोळ याहून जुना आणि जास्त खोल आहे. कॅनडात लहान मुलांचे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला एकाच गटात येतात. नऊ-दहा वर्षांच्या वयात जानेवारीचा मुलगा उंच, दणकट आणि म्हणून ‘हुशार’ दिसतो. तो वरच्या संघात जातो, त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो, बर्फावर जास्त वेळ मिळतो, आणि मग तो खरोखरच पुढे जातो. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्नस्ली एका ज्युनियर सामन्याला गेले असताना त्यांच्या पत्नी पॉला सामन्याच्या पुस्तिकेतली खेळाडूंची यादी चाळत होत्या. जन्मतारखांत सगळीकडे जानेवारी, फेब्रुवारी, मार्च दिसतंय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातून झालेला अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला.

पण स्काउटसाठी खरा झटका २०१३ मध्ये बसला. मिशिगनमधले रॉबर्ट डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० ते २००७ च्या ड्राफ्टमधली कॅनडियन मुलं तपासली. निवडलेल्यांपैकी ३६ टक्के वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले होते, शेवटच्या तीन महिन्यांतले १४.५ टक्के. इथपर्यंत जुनीच गोष्ट. पुढची गोष्ट अशी की वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेली मुलं ज्या क्रमांकावर निवडली गेली, त्या क्रमांकाच्या मानाने ती पुढे जास्त खेळली, जास्त गुण करून गेली. म्हणजे एनएचएलचे संघ वर्षानुवर्षं त्यांना स्वस्तात सोडत होते. या धंद्यातल्या लोकांना जन्मतारीख माहीत नव्हती असं नाही, ती प्रत्येक यादीत छापलेली असते. डोळ्याला दिसणारा दणकट मुलगा आणि कागदावरची तारीख यांत डोळा जिंकतो, एवढंच.

दुसरी वजाबाकी गुणांची. हॉकीत एका गोलमागे तिघांना गुण मिळू शकतात: गोल करणारा आणि त्याआधी पक (चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती) पुढे देणारे दोघं. समजा, दोन फॉरवर्डांनी मोसमात प्रत्येकी ८० गुण केले. पहिल्याचे ४० पॉवर प्लेवरचे, म्हणजे समोरचा एक खेळाडू शिक्षा भोगत बाहेर बसलेला असताना केलेले. शिवाय त्याच्या ओळीत, म्हणजे एकत्र उतरणाऱ्या तीन फॉरवर्डांत, वीस वर्षांचा, लीगमधला सर्वांत मोठा गोल करणारा. दुसऱ्याचे बहुतेक गुण पाच-विरुद्ध-पाच खेळताना आले, संघ तळाला, सोबतचे दोघं नवखे. आता सांगा, ८० बरोबर ८० होतात का? त्यात लीगही वेगळी असली तर आणखी एक पायरी. फिनलंडच्या ज्युनियर लीगमधला गुण आणि तिथल्याच मोठ्यांच्या लीगमधला गुण यांचा भाव वेगळा, कारण दुसरीकडे मुलगा तीस वर्षांच्या बाप्यांशी झुंजून गुण काढतो. आकडेवारीवाले लोक प्रत्येक लीगला एक गुणक लावून हे सगळं एका मापात आणतात. स्काउट पूर्वी याला नाकं मुरडत, आता जवळजवळ प्रत्येक संघात असा माणूस बसलेला असतो.

तिसरी वजाबाकी बर्फावरची, आणि माझ्या मते सगळ्यात रंजक हीच. स्काउट बहुधा वरच्या रांगेत, गोलच्या बाजूच्या कोपऱ्याजवळ बसतो. खाली काचेजवळ वेग छान दिसतो, धडका छान ऐकू येतात, पण कोण कुठे मोकळा आहे ते कळत नाही. एक शिफ्ट, म्हणजे खेळाडू बर्फावर उतरल्यापासून परत बेंचवर बसेपर्यंतचा वेळ, साधारण पाऊण मिनिटाची. तेवढ्यात तो एकाच मुलाकडे बघतो, पक कुठेही असला तरी.

समजा तो बचावपटू आहे. पक त्याच्या गोलमागच्या कोपऱ्यात टाकला गेला आणि तो घ्यायला तो मागे वळून धावतोय. त्याच्या पाठीवर समोरचा फॉरवर्ड येतोय. प्रेक्षक पकाकडे बघतात. स्काउट मानेकडे बघतो. पकापर्यंत पोहोचण्याआधी या मुलाने खांद्यावरून मागे किती वेळा पाहिलं? एकदा? दोनदा? की पाहिलंच नाही? ज्याने पाहिलंय त्याला पकाला हात लावण्याआधीच माहीत असतं की डावीकडे जोडीदार उभा आहे. तो एका स्पर्शात पास देतो आणि धडक रिकाम्या जागेत होते. ज्याने पाहिलं नाही तो आधी पक गोळा करतो, मग डोकं वर करतो, मग काचेवर आपटतो. ज्युनियरमध्ये दुसरा मुलगाही निभावून नेतो, कारण अंगात ताकद आहे आणि मागून येणारा सोळा वर्षांचा आहे. एनएचएलमध्ये मागून येणारा त्याला वेळ देत नाही. याला त्यांच्या बोलीत ‘हॉकी सेन्स’ म्हणतात आणि बहुतेकांच्या मते उशिरा शिकवता न येणारी गोष्ट ती हीच.

स्केटिंगबद्दल मतं जरा सैल झाली आहेत. पूर्वी ‘पाय जड’ असा शेरा पडला की फाइल बंद. आता पहिल्या तीन ढांगांतला जोर, गुडघा किती वाकतो, वळताना वेग टिकतो का, असं तुकडे करून बघतात, कारण यातलं बरंचसं चांगल्या स्केटिंग-प्रशिक्षकाकडे दोन उन्हाळ्यांत सुधारतं हे कळून चुकलंय. आणि तिसरा शब्द ‘कॉम्पीट’. पक गेल्यावर मुलगा काय करतो? बेंचकडे बघत रमतगमत परततो की पाठलाग करतो? संघ ६-१ ने मागे असताना, शेवटच्या पाच मिनिटांत? हे बघायला मुद्दाम थांबणारे स्काउट असतात, पार्किंगमधून गाडी लवकर काढायचा मोह आवरून.

रिंकचं, म्हणजे बर्फाच्या मैदानाचं, मापही वजा करावं लागतं, हे मात्र पटकन लक्षात येत नाही. एनएचएलचं रिंक साधारण ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद. युरोपातलं पारंपरिक रिंक ३० मीटर रुंद. चार मीटर जास्त म्हणजे कडेला थोडी जास्त हवा, विचार करायला आणखी अर्धा क्षण. तिथे निवांत दिसणारा मुलगा अरुंद बर्फावर गुदमरू शकतो.

व्हिडिओ आल्यावर प्रवास कशाला, असं कोणीही विचारेल. कॅमेरा पकामागे धावतो, हे त्याचं साधं उत्तर. मान वळवणारा तो बचावपटू बरेचदा चौकटीत नसतोच. पण करोनाकाळात पर्यायच उरला नाही. ओएचएलचा २०२०-२१ चा मोसम झालाच नाही. विंडसरचा वायट जॉन्स्टन त्या वर्षी क्लबसाठी एकही सामना खेळला नाही. टेक्सासमध्ये अठरा वर्षांखालची जागतिक स्पर्धा झाली, तीत कॅनडाकडून तो खेळला, तेवढंच. डॅलसने त्याला २३ व्या क्रमांकावर घेतलं. पुढच्या मोसमात त्याने ओएचएलमध्ये १२४ गुण केले, आणि त्याच्या पुढच्या वर्षी एनएचएलमध्ये २४ गोल. ते १२४ गुण आधी दिसले असते तर २३ व्या क्रमांकापर्यंत तो शिल्लक राहिला असता का?

गोलरक्षकांबद्दल थोडक्यात, कारण त्यांच्याबद्दल स्काउटसुद्धा थोडक्यातच बोलतात. २००० मध्ये आयलँडर्सने रिक डिपिएट्रो हा गोलरक्षक पहिल्या क्रमांकावर घेतला. त्याच ड्राफ्टमध्ये हेन्रिक लुंडक्विस्ट २०५ व्या क्रमांकावर गेला, आणि पुढे दोघांत मोठा कोण ठरला ते हॉकी बघणाऱ्याला सांगायला नको. कॉनर हेलेबक टेक्सासमधल्या ओडेसाच्या ज्युनियर संघात खेळत होता, हॉकीच्या नकाशावर जवळपास कडेलाच. २०१२ मध्ये १३० व्या क्रमांकावर त्याला विनिपेगने घेतलं. आज त्याच्या नावावर तीन व्हेझिना (सर्वोत्तम गोलरक्षकाची ट्रॉफी) आणि एक हार्ट ट्रॉफी (लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूची) आहे. त्या ड्राफ्टमधला पहिला, नेल याकुपोव्ह, २०१८ पर्यंत एनएचएलच्या बाहेर होता.

बर्फाबाहेरचीही चौकशी होते. ज्युनियर खेळाडू घरापासून दूर, यजमान कुटुंबाकडे राहतात. अशा कुटुंबांना बिलेट म्हणतात. मुलगा ताट उचलतो का, पराभवानंतर घरी कसा वागतो, हे त्या घरच्या काकूंना प्रशिक्षकापेक्षा जास्त माहीत असतं. संघाचे लोक शिक्षकांशी, साहित्य सांभाळणाऱ्या माणसाशीही बोलतात. हे कितपत न्याय्य आहे, याबद्दल मला शंका आहे. सतरा वर्षांच्या मुलाने ताट उचललं नाही म्हणून तिसऱ्या फेरीतून चौथ्या फेरीत घसरावं?

मग येते बैठक. प्रत्येक भागाचा स्काउट आपली नावं मांडतो, दोन-तीन भाग फिरणारे स्काउट त्याला छेद देतात, मुख्य स्काउट अंतिम यादी लावतो. इथे सगळी माणसं माणसांसारखीच वागतात. बर्फाच्या वादळातून सहा तास गाडी हाकून ज्याला बघायला गेलो, तो मुलगा चांगला निघावा असं वाटतंच. पहिल्यांदा पाहिलं त्या रात्री त्याने तीन गोल केले असतील, तर नंतरचे सहा फिके सामने ‘त्याची तब्येत बरी नसावी’ या खात्यात जातात. म्हणून काही मुख्य स्काउट एकाच मुलाला वेगवेगळ्या माणसांकडून, वेगवेगळ्या महिन्यांत, घरच्या आणि बाहेरच्या रिंकवर बघून घेतात.

डेट्रॉइटच्या यशाच्या गोष्टी या संदर्भात नेहमी सांगितल्या जातात. युरोप बघणारे त्यांचे स्काउट हाकान आंडरसन, त्यांच्या शब्दावर १९९८ मध्ये पावेल दात्स्युक १७१ वा आणि १९९९ मध्ये हेन्रिक झेटरबर्ग २१० वा. दोघंही पुढे संघाचे आधारस्तंभ झाले. आंडरसन यांची नजर दांडगी होती यात वाद नाही. पण मला नेहमी वाटतं, इतकी खात्री होती तर डेट्रॉइटने झेटरबर्गच्या आधी आपल्याच वाटच्या निवडींत दुसरी नावं का घेतली? त्यांनाही तो एवढा होईल हे माहीत नव्हतं. इतरांपेक्षा त्यांना थोडं जास्त वाटत होतं, आणि या धंद्यात तेवढं पुरतं.

उलटं उदाहरणही आहे. ओएचएलमध्ये पंधराव्या वर्षी पूर्ण वेळ खेळायचं तर ‘असाधारण खेळाडू’ असा खास दर्जा लागतो. २००५ मध्ये तो पहिल्यांदा जॉन टॅव्हारेसला मिळाला, २०१२ मध्ये मॅकडेव्हिडला. २०१३ मध्ये शॉन डे या बचावपटूला मिळाला: पंधराव्या वर्षीच पुरुषासारखं शरीर आणि अफलातून स्केटिंग. तीन वर्षांनी ड्राफ्टमध्ये तो ८१ वा गेला, आणि एनएचएलमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सामने खेळला. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. पाय दिसले होते, पण बाकीच्यांचे पाय नंतर वाढले.

आता या सगळ्या गणितात नवी भानगड आली आहे. सीएचएलमध्ये खेळलेला मुलगा पूर्वी अमेरिकेच्या कॉलेज हॉकीला मुकायचा, कारण एनसीएए, म्हणजे तिथली कॉलेज-क्रीडा संघटना, त्याला व्यावसायिक समजायची. हा नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून दार उघडलं. डब्ल्यूएचएलच्या मेडिसिन हॅटचा गॅव्हिन मॅकेना लगेच पेन स्टेट विद्यापीठात गेला. त्याचा जन्म २० डिसेंबर २००७ चा, म्हणजे शेफरहून जेमतेम साडेतीन महिन्यांनी लहान, पण ड्राफ्ट एक वर्ष पुढचा. मेडिसिन हॅटमध्ये तो सोळा ते वीस वयाच्या मुलांविरुद्ध खेळत होता, कॉलेजात समोर बावीस-तेवीस वर्षांचे गडी. तिथे सामनेही कमी. मेडिसिन हॅटमध्ये तो सामन्यामागे किती गुण करायचा आणि कॉलेजात गेल्यावर किती करू लागला, हे दोन आकडे शेजारी ठेवून स्काउट बसले, आणि दुसऱ्यातून नेमकं किती वजा करायचं नि किती मिळवायचं याचा तक्ता अजून कोणाकडेच तयार नाही.